चिंचेखालचं स्टेशन

अंबुजक्का रस्त्यावरच्या कुठल्याही चाकावर बसत नाहीत. बस नाही, रिक्षा नाही, कुणाची गाडी नाही. मैसूरच्या कुवेंपुनगरात आमच्या मागच्या क्रॉसला, म्हणजे आडव्या गल्लीत, त्यांचं घर आहे. तिथून त्या मार्केटला चालत जातात, दवाखान्यात चालत जातात. भाचीच्या लग्नाला शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या छत्रात, म्हणजे मंगल कार्यालयात, भर दुपारी जरीचं लुगडं नेसून चालत गेल्या, आणि नवरदेवाकडची मंडळी गाड्यांमधून त्यांच्यानंतर पोचली. फक्त आगगाडी त्यांना चालते. आगगाडीला समोरून कुणी अंगावर येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मी मूळची सांगलीची. नवऱ्याच्या, विजयच्या, नोकरीमुळे इथे आले तेव्हा मराठी बोलणारं कुणी भेटावं म्हणून जीव टाकायची, आणि अंबुजक्का भेटल्या तर त्यांची मराठी मला निम्मी कळेना. त्यांचे पणजोबा राजवाड्याच्या कुठल्याशा खात्यात चाकरीला आले होते. घरातली मराठी तेव्हापासून घरातच राहिली आणि तिच्यात कन्नड मुरत गेलं. "सुम्ने ये ग, कॉफी पिऊन जा," असं त्या फाटकातून ओरडायच्या. सुम्ने म्हणजे उगीच, सहज. हा शब्द त्यांना कुठेही चालतो.

त्यांच्या डाव्या हाताकडे माझं लक्ष गेलं ते कॉफी देताना. अंगठा आणि करंगळी एवढंच होतं. मधली तीन बोटं मुळापासून नव्हती. त्या दोन बोटांत त्या फिल्टरचं झाकण चिमट्यासारखं धरत. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं, तर त्याच म्हणाल्या की बघ नीट, लपवायचं काय त्यात, उसाने नेली.

टी. नरसीपूरच्या सरकारी हायस्कुलात त्या समाजशास्त्र शिकवायच्या. वीसेक वर्षं रोज मैसूरहून बसने जायचं आणि यायचं. शेजारच्या सीटवर कायम वनजा, गणिताची टीचर. एका धुक्याच्या सकाळी रस्त्याच्या कडेला उसाने भरलेली ट्रॉली उभी होती, मागे दिवा नाही, लाल फडकं नाही. बस तिला घासत गेली. बसची एक बाजू डब्याचं झाकण उचकटावं तशी निघाली आणि ऊस खिडक्यांतून आत आले. वनजा खिडकीशी होती. ती डब्यातल्या चित्रान्नाच्या भाताला लिंबू जास्त झालं असं काहीतरी सांगत होती. वाक्य अर्धं राहिलं आणि तिचं डोकं अंबुजक्कांच्या मांडीवर आलं. मान जागेवर नव्हती.

बोटं गेल्याचं त्यांना तेव्हा कळलंही नाही. त्यांना आठवतं ते पुढचं. आजूबाजूच्या शेतांतून लोक धावत आले. काहींनी जखमींना बाहेर काढलं. एका हाताने वनजाच्या मनगटातल्या बांगड्या ओरबाडून काढल्या, तो हात कुणाचा ते दिसलं नाही. बाकीच्यांनी ट्रॅक्टरवाल्याला शोधून काढलं, तो झाडामागे ओकत बसला होता. त्याच्याच ट्रॉलीतले ऊस उपसून त्याला मारलं. एक मोडला की दुसरा. पोलीस येईपर्यंत त्याच्या तोंडाचा आकार राहिला नव्हता. वनजाचं डोकं मांडीवर धरून अंबुजक्का हे सगळं फुटक्या खिडकीतून बघत होत्या. त्या दिवसानंतर त्या रस्त्यावरच्या गाडीत चढल्या नाहीत. नोकरी सोडली.

हे ऐकून कुणाला वाटेल बाई मऊ असेल. तसं नाही. शाळेत त्यांची छडी प्रसिद्ध होती. कावेरीकाठचा ओला वेत, तेल पाजून ठेवलेला. पोटऱ्यांवर वळ उठेपर्यंत त्या थांबत नसत. आजही टी. नरसीपूरकडचा एखादा टक्कल पडलेला माणूस मैसूरच्या रस्त्यात त्यांना बघून आधी दोन पावलं मागे सरतो आणि मग नमस्कार करतो. मी एकदा म्हटलं, अक्का, अशी मुलं मारायची असतात का? तर म्हणाल्या, "मला दुसरं येत नव्हतं ग. आमच्या मास्तरांनी आम्हाला असंच शिकवलं." एवढं बोलून भाजी निवडायला लागल्या.

रस्ता सुटला तशी त्यांची एक अडचण झाली. त्यांच्या घराण्याचा मठ सोसले गावात, टी. नरसीपूरच्या पलीकडे. तिथल्या आराधनेला, स्वामींच्या पुण्यतिथीच्या उत्सवाला, त्या लहानपणापासून दरवर्षी जात होत्या. रूळ तिकडे जात नाहीत. मग त्यांनी वाट काढली. अशोकपुरमहून चामराजनगरची पॅसेंजर, कडकोळला उतरायचं, आणि तिथून पूर्वेला चालत सुटायचं, कालव्याच्या काठाने, भाताच्या बांधांवरून, वाटेत जुन्या विद्यार्थ्यांच्या घरी मुक्काम करत. पहिल्या वर्षी पोचल्या तेव्हा आराधना संपून मठात भांडी घासणं चाललं होतं. तरी त्या खूश होत्या, कारण चालताना त्यांना एक गोष्ट दिसली. जमीन सपाट होती. कालवा काढणाऱ्यांनी उतार आधीच शोधून ठेवला होता. त्याच्या बाजूने रूळ टाकले तर ना डोंगर ना घाट.

तेव्हापासून हे त्यांच्या डोक्यात बसलं. मैसूरला तीन दिशांनी रूळ येतात, बंगळूरकडून, हासनकडून, चामराजनगरकडून, आणि तिन्ही एकाच स्टेशनात येऊन थांबतात. चाकाला आरे आहेत, धाव नाही, असं त्या कॉफीच्या कपाच्या बुडाशी बोट फिरवून दाखवत. कडकोळहून सोसले, सोसलेहून वर बंगळूरच्या लाईनीला. इकडे कडकोळच्या पुढच्या नंजनगूडहून खाली सरगूरपर्यंत. म्हणजे सरगूरच्या माणसाला मंड्याला जायला मैसूरच्या गर्दीत शिरायला नको. कडकोळच्या कारखान्यांत रोज सकाळी टेम्पोत उभी भरून माणसं जातात, ती डब्यात बसून जातील. "एकेका टेम्पोत किती वनजा असतात, तू मोज," त्या म्हणायच्या.

त्यांनी पत्रं लिहिली, कचेऱ्यांत चालत गेल्या. रेल्वेतल्या एका अधिकाऱ्याने तोंडी सांगितलं की वाटेतल्या सगळ्या गावांनी ग्रामसभेत ठराव करून दिले तर मोजणी करायचा प्रस्ताव पुढे पाठवता येईल. कडकोळ ते सोसले हा तुकडा त्यांनी आधी घेतला. गावं एकेक करून हो म्हणाली. राहिलं एक, बरोबर मधलं. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही, खटला अजून चालू आहे. ते नाही म्हणालं तर दोन्ही बाजूंचे ठराव तसेच पडून राहणार होते, कारण ओळ मधेच तुटत होती. तिथल्या लोकांना भीती जमिनीची. पण पंचायतीतला सिद्धराजू अक्कांचा विद्यार्थी, वळ खाल्लेल्यांपैकी. तो म्हणाला होता, टीचरम्मा, मला थोडा वेळ द्या, मी एकेक घर फिरतो.

आता दगडांचं सांगायला हवं. अंबुजक्कांकडे बारशाची एक चाल आहे. पाळण्यात बाळाला घालायच्या आधी वरवंटा घालतात. त्याला न्हाऊ घालून, हळदकुंकू लावून, कुंची घालून बाळासारखं गुंडाळतात, पाळण्याखालून या हातातून त्या हातात देतात, मग पाळण्यात निजवतात. जे काही वाईट यायचं ते आधी दगडावर यावं आणि मग बाळाला जागा मिळावी, असा हेतू. तर अक्का जिथे स्टेशन व्हावं असं ठरवत, तिथे नदीतला एक लांबट गुळगुळीत दगड नेत, त्याला हळदकुंकू लावत, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळत, कानात नाव सांगत आणि झाडाच्या मुळाशी मातीत पानांखाली निजवून येत. मी बरोबर जायचे त्या दिवशी हे पाहिलं आहे. हसू यायचं, पण त्यांचा चेहरा असा असे की हसायची हिंमत होत नसे. मधल्या गावाच्या वेशीवर कालव्याजवळ मोठी चिंच आहे. तिथल्या दगडाच्या कानात त्यांनी वनजा म्हणून सांगितलं. बाकीच्या दगडांना गावांचीच नावं होती.

त्या गावात ही चाल नव्हती. आम्ही दगड ठेवून आलो त्यानंतर काही दिवसांनी तिथे पुट्टस्वामी नावाच्या माणसाचं कोवळं बाळ गेलं, आणि त्याच दिवशी तो दगड लोकांच्या हाती लागला. बाळासारखा गुंडाळलेला, हळदीने पिवळा, कुंकवाने लाल. आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. सिद्धराजू तेव्हा बंगळूरला भावाकडे गेला होता.

दिवाळीच्या आधी आम्ही परत गेलो. भात पोटरीला आलं होतं. कडकोळला उतरून कालव्याने चालत आलो, अक्का पुढे, मी पाण्याची बाटली घेऊन मागे. चिंच दिसली तशी खाली माणसं दिसली. अक्का म्हणाल्या, बरं झालं, आज सगळे भेटले. त्यांना वाटलं सिद्धराजूने लोक जमवलेत.

पहिली चप्पल त्यांच्या कानावर बसली. बाई म्हाताऱ्या आहेत असं वाटून कुणी थांबेल, असं मला वाटत होतं. पुट्टस्वामीने त्यांची वेणी मनगटाला गुंडाळली आणि जातं खुंट्याला धरून फिरवतात तसं त्यांना गोल फिरवून चिंचेच्या खोडावर आपटलं. कपाळ फुटलं. बायका ओरडत होत्या की चेटकीण आहे, हात बघा तिचा, बोटं कुणाला दिलीस सांग. तो दोन बोटांचा हात वर धरून सगळ्यांना दाखवला गेला. कुणी सायकलची चेन आणली होती. ती पाठीवर पडली की आधी आवाज यायचा आणि मग लुगड्यावर रक्ताची रेघ उमटायची. मी मधे पडले तर दोघींनी माझे हात मागे पिरगाळले, माझ्या बांगड्या फुटून मनगटात शिरल्या. मला येत होतं तेवढं सगळं कन्नड मी ओरडून संपवलं. शेवटी मराठीत ओरडत होते. ते कुणाला कळणार?

दगड तिथेच ठेवला होता, फडक्यातून अर्धा सोडलेला. पुट्टस्वामीने अक्कांना गुडघ्यावर पाडलं, तोंड दगडावर दाबलं आणि सांगितलं, चाट, जे लावलंस ते चाटून काढ, माझ्या पोरावरचं काढून घे. तो रडत होता. मी हे स्वच्छ पाहिलं, रडता रडता तो त्यांचं नाक दगडावर घासत होता. त्यांचे दात दगडावर वाजले. मागून कुणी केरोसीन, केरोसीन म्हणत होतं.

अक्कांनी तेव्हा दगड उजव्या हातात धरला. त्यांचा चेहरा मला दिसत होता. रक्त आणि हळद, आणि त्यातून डोळे. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, पण त्या चेहऱ्याची बाई मला माहीत नव्हती. त्यांनी पुट्टस्वामीच्या पायावर दगड घातला, तो कोसळला. त्यांनी परत उचलला. गर्दी एक पाऊल मागे गेली आणि त्याच वेळी भातातून कुणीतरी धावत आलं, लोकांना कोपरांनी बाजूला सारत मागून अक्कांच्या कमरेला हात घालून त्यांना उचलू लागलं. अक्कांनी न बघता मागे हात फिरवला. पूर्ण ताकदीने.

आवाज नारळ फुटल्यासारखा झाला. म्हणजे अगदी घरगुती आवाज.

तो सिद्धराजू होता. सकाळीच बंगळूरहून परतला होता, काय चाललंय ते शेतात कळलं म्हणून धावत सुटला होता, त्यांना उचलून बाहेर काढायला. तो खाली बसला, एका डोळ्यावर तळहात ठेवून. बोटांच्या फटींतून जे येत होतं ते नुसतं रक्त नव्हतं. तो म्हणाला, "टीचरम्मा, मी आहे. सिद्धराजू." वर्गात हजेरी द्यावी तसं.

गर्दी एका क्षणात विरली. मघाशी चेन घेतलेला माणूस बांधावरून पळताना मी पाहिला. राहिले आम्ही तिघं, पाय धरून विव्हळणारा पुट्टस्वामी, आणि सिद्धराजूची आई मादम्मा, जी घरातून धावत आली आणि मुलाचा हात बाजूला करून बघितल्यावर एकदाच ओरडली.

टोमॅटो नेणारा एक लगेज ऑटो कालव्याच्या रस्त्यावर होता. क्रेट फेकून देऊन सिद्धराजूला आत घातलं. डोकं कुणीतरी धरायला हवं होतं, रस्ता खड्ड्यांचा. मी चढणार तोवर अंबुजक्का चढल्या होत्या. मांडी घालून बसल्या आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मैसूरच्या दवाखान्यापर्यंत त्यांनी ते असं धरलं की मान एवढीशीही हलू दिली नाही. पूर्ण वाटेत त्यांच्या तोंडातून फक्त ड्रायव्हरसाठी शब्द निघाले, हळू, हळू, पुढे दिवा नाही, हळू. दिवस तर लख्ख होता.

डोळा काढावा लागला. अक्कांना कपाळावर टाके पडले, पुढचे दोन दात गेले, पाठीमुळे महिनाभर पालथं झोपावं लागलं.

पोलीस आले. संकर्षण, अक्कांचा धाकटा भाऊ, लक्ष्मीपुरमला वकिली करतो. त्याने सगळं नीट मांडून दाखवलं. मारहाण करणाऱ्यांची नावं कळली आहेत, साक्षीदार आहे, म्हणजे मी. गर्दीतल्या कुणाचा तरी दगड सिद्धराजूला लागला असं म्हटलं तर सगळे आत जातील. सिद्धराजूने स्वतः जबाबात सांगितलं होतं की मागून कोण मारतंय ते दिसलं नाही. त्याने हे का सांगितलं ते आम्हाला सगळ्यांना कळत होतं.

"तो समोरून मार खाऊन मागून म्हणतोय," अक्का म्हणाल्या. "शाळेतही असाच खोटं बोलायचा. तेव्हाही त्याला येत नव्हतं."

"अक्का, तू फक्त गप्प राहा," संकर्षण म्हणाला. "काही बोलू नको. तेवढंच."

"मी मारलं रे."

"ते अपघाताने."

"हात मीच फिरवला, अल्वा, नाही का? उसाच्या ट्रॉलीवाल्यानेही काही मुद्दाम मारलं नव्हतं वनजाला. त्याला लोकांनी काय केलं ते मी बघितलंय."

त्या चालत ठाण्यात गेल्या, मी बरोबर होते. हेड कॉन्स्टेबल लिहायला तयार होईना. मोठ्या साहेबांनी दोनदा सांगितलं की आजी, घरी जा, ताप आहे तुम्हाला. अक्कांनी उभं राहून जबाब दिला, शिकवल्यासारखा, ते लिहून घेऊ शकतील इतक्या सावकाश. दगड त्यांच्या समोरच्या कपाटावर मुद्देमाल म्हणून ठेवला होता, चिठ्ठी बांधून. हळद अजून होती. त्यावर कुणीतरी जास्वंदीचं फूल ठेवलं होतं. भीतीनेच ठेवलं असणार, पण मला त्या क्षणी तिथून बाहेर जावंसं वाटलं.

गंभीर दुखापतीचा खटला अक्कांवर दाखल झाला, मारहाणीचा त्या लोकांवर. सगळ्यांनाच जामीन मिळाला. मला वाटलं, संपलं. आता ते गाव कशाला हो म्हणतंय.

पण ग्रामसभेच्या विषयांत सिद्धराजूने रेल्वेचा ठराव ठेवला होता, आणि निरोप पाठवला होता की टीचरम्मांनी यावं. संकर्षण जाऊ नको म्हणाला. जामिनावर असलेल्या बाईने तक्रारदारांच्या गावात पाय ठेवायचा नसतो, शिवाय उरलेले दात तिथे ठेवून यायचे का, असंही म्हणाला. अक्का कडकोळला उतरून चालत निघाल्या, मागे मी. पाठ अजून वाकवत नव्हती. चिंचेजवळून जाताना त्या थांबल्या नाहीत.

शाळेच्या ओसरीवर सभा होती. सिद्धराजू काळा चष्मा लावून बसला होता. पुट्टस्वामी लंगडत आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. जमिनीवरून बोलणं झालं, मग ते आपोआप दगडावर आलं. कुणीतरी म्हणालं की ठरावाचं नंतर, आधी ही बाई सांगू दे तो दगड काय होता.

अक्कांनी सांगितलं. पुढचे दात नसल्याने शब्द फुटत होते, तरी सगळं सांगितलं. पाळणा, वरवंटा, कुंची, कानात नाव. जे वाईट यायचं ते आधी दगडावर येतं. लोक ऐकत होते. बायकांत पदर पुढे ओढून एक पोरगेलीशी बाई बसली होती, पुट्टस्वामीची बायको. ती बसल्या जागेवरून बोलली.

"मग माझ्या बाळाच्या आधी का नाही आणलात?"

मग तीच खालच्या आवाजात म्हणाली की त्याला पुरायला चिंचेच्या मुळाशी खणलं तेव्हा तो दगड सापडला. गुंडाळलेला. तिला आधी वाटलं तिथे कुणीतरी दुसरं बाळ ठेवलंय.

तेव्हा मला कळलं दगड त्यांच्या हाती कसा लागला. अक्कांनाही तेव्हाच कळलं. त्यांनी ओसरीच्या खांबाला हात लावला.

मादम्मा उठली. बुटकी, रुंद, शेतात वाकून वाकून खांदे पुढे आलेली. तिने पायातली चप्पल काढली. सिद्धराजू म्हणाला, अव्वा, नको. तिने ऐकलं नाही. ती अक्कांच्या समोर आली आणि तिने तोंडावर मारलं. आवाज भिंतीवर आपटून परत आला. परत मारलं, दुसऱ्या बाजूला. मी उठले तर अक्कांनी मला त्या दोन बोटांच्या हातानेच मागे ढकललं. मादम्मा मारत राहिली, शिव्या न देता, तोंड घट्ट मिटून, आधी एका गालावर मग दुसऱ्या. कपाळावरची जुनी जखम उघडली आणि रक्त डोळ्यात उतरलं. अक्कांनी ते पुसलं नाही, हात वर केला नाही, मान फिरवली नाही. पुट्टस्वामी आता जमिनीकडे बघत होता. तिचा हात दमला तेव्हाच मादम्मा थांबली. चप्पल खाली टाकून तिने पायात सारली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. श्वास लागला होता.

मग तिने हात वर केला.

सरपंचाला काय ते कळेना. मादम्मा म्हणाली, "ठरावाला. माझ्या पोराचा डोळा यात गेलाय. आता गाडी नाही आली तर तो फुकट गेला."

तिच्या मागच्या बाईने हात वर केला, मग आणखी काहींनी. पुरुषांकडचे हात उशिरा वर गेले, इकडे तिकडे बघत. पुट्टस्वामीने वर केला नाही, पण तो निघूनही गेला नाही. त्याच्या बायकोने मांडीवरचा हात थोडा उचलला आणि परत ठेवला. सरपंचाने तो धरला की नाही मला माहीत नाही. ठराव झाला.

आम्ही कालव्याने परत निघालो. अक्कांचा चेहरा सुजून डोळे बारीक झाले होते. मी ओला रुमाल दिला, तो त्यांनी गालावर धरला. कडकोळच्या फलाटावर बाकावर बसल्यावर त्या म्हणाल्या, "तिचा हात जड आहे ग."

पॅसेंजर उशिरा आली. डबा कारखान्यातून सुटलेल्या माणसांनी भरला होता, एका पोरीने अक्कांचं तोंड बघून जागा दिली. गाडी सुटली तशी त्यांनी पिशवीतून नकाशा काढला, घडीवर घडी पडून फाटत आलेला, आणि गुडघ्यावर पसरला. मधल्या गावावर त्यांनी पूर्वी टिंब केलं होतं. ते त्या रबराने खोडायला लागल्या. कागद पातळ झाला तरी खोडत राहिल्या.

"चिंचेजवळ नको," त्या म्हणाल्या. "कालव्याच्या पलीकडे नेऊ या. तिकडे नुसती पडीक जमीन आहे."

मी म्हटलं, मग रूळ वळवावा लागेल.

"वळतो की. सुम्ने थोडासाच." त्यांनी दोन बोटांनी नकाशा गच्च धरला, उजव्या हातात पेन्सिल घेतली, गाडीचा धक्का ओसरायची वाट पाहिली, आणि चिंचेला बाजूला ठेवून नवी रेघ ओढली.